बारवेवरची सावड

हनुमान जयंतीचा प्रसाद खाता खाता मायनं जाहीर करून टाकलं, "तुह्या बाबाच्या नावची आखाजीची घागर मी नळाच्या पाण्यानं भरनार नाही. बारवेचंच पाणी पाह्यजे."

मी म्हटलं, "बारवेत पाणी कुठंय माय? नुसत्या पत्रावळ्या आहेत."

"मंग काढ पत्रावळ्या," ती म्हणाली आणि उरलेला प्रसाद डब्यात भरायला लागली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात, पुरणाचा नैवेद्य दाखवतात. बाबा दिवाळीच्या आधी गेले होते. त्यांची ही पहिलीच आखाजी, आणि ती तीन आठवड्यांच्याही आत आली होती.

बाबा भाजीपाला पिकवायचे. मेथी, वांगी, उन्हाळ्यात गवार. पण गावात त्यांची ओळख वेगळी होती. नळ यायच्या आधी गावातल्या लग्नांना पाणी बारवेतून जायचं, आणि ते कावडीनं वाहणाऱ्यांत बाबा पहिले. लग्नघर कोणाचंही असो, पंगत बसायच्या आधी रांजण भरलेले असायचे. त्यांच्या उजव्या खांद्यावर कावडीचा घट्टा होता. मी लहानपणी त्याला हात लावून बघायची. म्हणून माय बोलली त्यात हट्ट होता असं मी म्हणणार नाही. ज्या माणसानं गावाला बारवेचं पाणी पाजलं, त्याची घागर आठ दिवस टाकीत साठलेल्या नळाच्या पाण्यानं का भरायची, एवढंच तिचं म्हणणं होतं.

माझं सांगायचं तर मी बीएस्सी आहे. मेहकरच्या कॉलेजात पहिल्या बसनं जाऊन तीन वर्षं काढली आणि घराण्यात पहिली पदवी आणली. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. आता गावातच गणित-विज्ञानाची शिकवणी घेते. परीक्षा संपल्या की उन्हाळाभर सकाळ मोकळी. तेव्हा वेळ नाही असं मला म्हणता येत नव्हतं.

आमची बारव बाजाराच्या मैदानामागं आहे. तिन्ही बाजूंनी उतरत्या पायऱ्या, चौथ्या बाजूला दगडी भिंत आणि भिंतीत दिवा ठेवायची देवळी. दगड अजून एकही हललेला नाही. नळ आले, लोकांनी बारवेकडं पाठ केली, आणि मग मैदानावर लग्नं व्हायला लागली. चैत्र-वैशाखात तिथला मांडव उतरतच नाही, एकाचा सुटला की दुसऱ्याचा उभा राहतो. जेवणं झाली की चकचकीत कागदी पत्रावळ्या, प्लास्टिकचे द्रोण, पाण्याचे पाऊच एका कोपऱ्यात लोटतात. संध्याकाळी वारा सुटला की तो ढीग सरळ बारवेत. वर्षानुवर्षं हेच. माझ्या आठवणीत बारवेच्या सगळ्या पायऱ्या कोणी पाहिलेल्या नव्हत्या.

मी शिकलेल्या माणसानं करावं ते केलं. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोठा मजकूर टाकला. जलसंवर्धन, वारसा, आपली जबाबदारी, आणि खाली ठळक अक्षरांत: भव्य श्रमदान. रविवारी सकाळी दहा-बारा जण आले. नवे झाडू, पांढऱ्या टोप्या. वरच्या तीन पायऱ्या झाडल्या, फोटो काढले, चहा प्याले आणि आठच्या आत घरी. झाडू सोबत नेले. पत्रावळ्या तिथंच.

घरी येऊन मी मायसमोर तोंडसुख घेतलं. लोकांना आस्था नाही, जाणीव नाही, वगैरे. माय लसूण सोलत होती.

"श्रमदान म्हनलं की लोकायले वाटते सायेब येनार, हार पडनार, फोटो निंघनार," ती म्हणाली. "फोटो निंघाला, काम झालं. तू सावड म्हन."

सावड हा शब्द मी जन्मापासून ऐकत आले होते. उन्हाळ्यात बायका एकमेकींच्या घरी पापड लाटायला, कुरडया घालायला जातात, त्याला सावड म्हणतात. पेरणीच्या दिवसांत ज्याच्याकडं एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी करतो, तीही सावड. माझ्या डोक्यात त्याचा अर्थ होता, सगळ्यांनी मिळून काम करणं. शब्द मला आवडला. आपला, मातीतला, आणि श्रमदानापेक्षा लहान.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात गेले, पुजाऱ्यांना विचारून भोंग्यावरून स्वतः सांगितलं, "उद्या दिवस उगवता बारवेवर सावड आहे हो. ज्याला जमेल त्यानं यावं."

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आत माणसं पायऱ्यांवर होती. बावीस घरांतली माणसं मी मोजली. बाया जास्त, गडी कमी. टोप्या नव्हत्या. टोपली होती, घमेली होती, फावडी, टिकास, एकीच्या हातात चूल सारवायचा तुटका डबासुद्धा. कोणी कोणाला शिकवलं नाही. पायऱ्यांवर ओळ लागली, खालचं टोपलं हातोहात वर जायला लागलं, वर नगरपंचायतीची कचऱ्याची ट्रॉली उभी. मी ग्रुपवर पुन्हा मजकूर टाकला की गाव जागं झालं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, हेही सांगून टाकते.

कचऱ्यात काय नव्हतं. पण सगळ्यांचे हात थांबले ते देवांच्या फोटोंपाशी. फुटक्या काचेचे, चौकट मोडलेले, घरातून काढून बारवेत सोडलेले फोटो. ट्रॉलीत टाकायला कोणी तयार होईना. शेवटी आमच्या गल्लीतल्या काकूंनी ते सगळे धुऊन भिंतीशी उन्हात ओळीनं लावले.

"काय करून राह्यल्या काकू?" कोणीतरी विचारलं.

"देवायचं वाळवन घातलं," काकू म्हणाल्या. "वाळू दे, मंग पाहू."

याच काकूंनी तिसऱ्या दिवशी मला पायरीवर गाठलं. अंगानं किरकोळ, आवाजानं भारी, आणि आखाजीच्या आदल्याच दिवशी त्यांच्या मुलीचं लग्न होतं.

"मंग पोरी, माह्याकडं कव्हा येशीन?"

"कशाला काकू?"

"कशाले म्हन्जे? तीन रोज झाले, मी तुह्या बारवेवर येऊन राह्यली. माहे उडदाचे पापड तसेच पडले हायेत."

"माझी बारव? काकू, बारव गावाची आहे."

"बारव गावाची असन. सावड कोनं पुकारली? भोंग्यावर आवाज कोनाचा होता?"

बाकीच्या बायका टोपली खाली ठेवून ऐकायला लागल्या. एक म्हणाली तिच्या वावरात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायच्या राहिल्यात. दुसरीकडं लग्नाचे गहू निवडायचे होते. तिसरीचा उन्हाळी भुईमूग निघायला आला होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की शब्दाचा अर्धाच अर्थ मला माहीत होता. सावड म्हणजे मिळून काम करणं खरं, पण ते परत करायचं असतं. माझ्याकडं तुम्ही एक दिवस आलात, की तुमच्याकडं मी एक दिवस यायचं. बावीस घरांना मी माझ्या तोंडानं, भोंग्यावरून, कामाला बोलावलं होतं, आणि कामाला बोलावणारा फेडतो.

मी वाट काढायचा प्रयत्न केला. म्हटलं, "काकू, मी असं करते, तुमचे सगळे ऑनलाइन फॉर्म भरून देते. पीक विमा, शिष्यवृत्ती, जे असेल ते. सगळ्यांचे."

"फारम भराले दुकानं हायेत," काकू म्हणाल्या. "मी काय तुह्या बारवेत फारम भरला? टोपलं उचललं. हाताची सावड हातानंच फिटते. लाटनं घेऊन ये."

घरी आले तर मायला आधीच कळलं होतं. ती हसत होती, आणि बाबा गेल्यापासून तशी हसली नव्हती, म्हणून मला रागही धड येईना.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"हाव."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"तू गॅज्युएट हायेस. म्हनलं, ठाऊक असन." मग म्हणाली, "पाय, नाही म्हनाचं असन तं आजच म्हन. उद्या कोनी येनार नाही, बारव आहे तशी राहीन, मी नळाच्या पाण्यानं घागर भरीन. पन तुह्या बाबानं कोनाची सावड अंगावर ठेवली नाही. मिरगाच्या आत फेडत होता."

मिरग म्हणजे मृग नक्षत्र, पेरणीची वेळ. तोवर फिटलं नाही तर पुढच्या हंगामात तुमच्याकडं कोणी येत नाही. मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. दुपारी लाटणं घेऊन काकूंच्या ओसरीवर गेले.

तिथं सात-आठ जणी गोल बसल्या होत्या. माझा पहिला पापड पाहून काकूंची नणंद म्हणाली, "बीएस्सीत गोल शिकवत नाहीत का व?"

"शिकवतात की. केंद्र, त्रिज्या, परीघ."

"मंग तिरज्या धर न बाई. हा तं अमडापूरचा नकाशा झाला."

संध्याकाळपर्यंत माझे पापड गोलाच्या बरेच जवळ आले. एकीनं ते वेगळ्या चादरीवर वाळत घातले, "शिकेल माणसाचे" म्हणून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिली. मनगटं भरून आली होती. पण मी उठले तेव्हा काकू म्हणाल्या, "एक रोज फिटला. उद्या बारवेवर भेटू." आणि त्या भेटल्या, वर नणंदेलाही घेऊन आल्या.

मग तेच चक्र लागलं. सकाळी ऊन चढेपर्यंत बारव, दुपारी कोणाचं तरी घर नाहीतर वावर. मी पऱ्हाट्या उपटल्या, गहू निवडले, अमडापूरच्या वाटेवरच्या एका मळ्यात कांद्याच्या पाती कापल्या. शिकवणीतल्या मुलींच्या आया मला वावरात बघून आधी लाजायच्या, मग विळा पुढं करायच्या. एक सांगते. मला कमीपणा वाटला नाही. आमच्या घरात काम हातानंच होत आलं. पदवी त्याच्यावर चढली, त्याच्या जागी आली नाही. आणि मी जिच्या घरी दुपारी राबून आले, ती दुसऱ्या दिवशी बारवेवर वेळेच्या आधी हजर असायची. ग्रुपवरच्या कुठल्याच मजकुरानं हे झालं नसतं.

पत्रावळ्या संपल्या, काळं पाणी मोटारीनं उपसलं, गाळ लागला. गाळ न्यायला शेतकरी स्वतः ट्रॅक्टर घेऊन आले. एकेक पायरी उघडी पडत गेली. माय रोज विचारायची, "किती दिसल्या?" आणि आकडा ऐकून मान डोलवायची. आखाजीला चार दिवस राहिले तेव्हा आम्ही तळाच्या खडकावर होतो. खडक कोरडा होता.

तरी आम्ही फावड्यांनी तो खरवडत राहिलो. तेव्हा आबा बोलले. आबा जुन्या काळी विहिरींचा गाळ काढायला गावोगाव जायचे. आता गुडघे गेले, म्हणून पहिल्या दिवसापासून सगळ्यात वरच्या पायरीवर काठी घेऊन बसायचे आणि तिथून आम्हाला बोलायचे. कामाला त्यांचा हात लागला नव्हता, तोंड मात्र थांबलं नव्हतं.

"काय बे, खरवडता काय?" ते वरून म्हणाले. "कढई हाय का ते? देवळीच्या खाली पाहा. उजव्या अंगाले एक चपटा दगड असन. त्याच्या बुडाशी पहार घाला. हळू."

दगड होता. पहार घातली तर आतून काळी ओली माती आली, बोटभर. मग तिच्यामागं ओल. पाणी म्हणावं असं काही नव्हतं, खडक घामेजल्यासारखा झाला एवढंच. सगळे वाकून बघायला लागले.

"सरका तथून," आबा ओरडले. "झरा लाजते. दोन-तीन रोज त्याच्याकडं कोनी पाहू नका."

विज्ञानाच्या दृष्टीनं झरा लाजत नाही. तो आपल्या वेगानं झिरपतो आणि पायांनी ढवळला की गढूळ होतो. पण आबांच्या म्हणण्यात आणि माझ्या म्हणण्यात करायचं काम एकच होतं, म्हणून मी वाद घातला नाही. सगळ्यांनी वर यायचं ठरलं.

आता अडचण एकच होती आणि ती मोठी होती. काकूंच्या मुलीचं लग्न त्याच मैदानावर. जेवणाचं काम घेतलेल्या माणसानं कागदी पत्रावळ्यांचे गठ्ठे आणून ठेवले होते. जेवणं दुपारी, वारा संध्याकाळी, आखाजी दुसऱ्या सकाळी. एक वावटळ आली की दोन आठवड्यांचं काम आणि बाबांची घागर दोन्ही पत्रावळ्यांखाली.

मी काकूंकडं गेले. त्या साड्यांच्या ढिगात बसल्या होत्या.

"काकू, देवळात भंडाऱ्याची स्टीलची ताटं आहेत. तुमच्या लग्नाला पुरतील."

"हायेत न. धुनारं कोन? माही एकुलती पोर चालली, मी काय उष्टी ताटं घासत बसू?"

"मी घासते. तुमचे दिवस अजून माझ्याकडं बाकी आहेत. ही माझी सावड समजा."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "किती घासशीन?"

"होतील तेवढी."

"चमचे बी?"

"चमचे बी."

"पाहुन्यायसमोर? आहेराची साडी नेसून?"

"पदर खोचून."

काकूंनी हातातली साडी खाली ठेवली. मग आतल्या खोलीकडं तोंड करून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, थे कागदाचे गठ्ठे वापस करा."

लग्नाच्या दिवशी मांडवामागं टँकरशेजारी मी तीन घमेली मांडली. एक राखेचं, एक साबणाचं, एक साध्या पाण्याचं. पहिली पंगत उठली आणि ताटांचा डोंगर आला. पाहुण्यांतली एक बाई दुसरीला विचारत होती, "ही न शिकवनी घेते थे?" मी मान वर करून म्हटलं, "हो, मीच." आणि पुढचं ताट घेतलं. चौथ्या-पाचव्या ताटाला माय येऊन शेजारी बसली, पाण्याच्या घमेल्यात हात घातला. दुसरी पंगत उठल्यावर पऱ्हाट्यावाली आली. तिच्यामागं गहूवाली.

"धुऊ लागतो आम्ही," ती म्हणाली, "पन याची सावड वायली लागन हं."

"लागू दे वेगळी," मी म्हटलं. तोवर नाही म्हणण्याची ताकद माझ्या हातात उरली नव्हती.

पाचच्या सुमारास वारा सुटला. मांडवाची कनात फडफडली, धूळ उठली, सगळ्यांनी डोळे झाकले. उघडले तेव्हा मैदानावरून दोन-चार कागदी रुमाल आणि एक मोकळी पिशवी बारवेकडं निघाली होती. आबांनी पायरीवरून काठीनं ती पिशवी जागच्या जागी दाबून धरली आणि कोणी येऊन उचलेपर्यंत सोडली नाही.

आखाजीच्या सकाळी मी आणि माय बारवेत उतरलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती एकेक पायरी उतरत होती. शेवटच्या पायरीवर थांबली. देवळीखाली, खडकाच्या खोलगट भागात, पाणी जमलं होतं. परातभर रुंद, वीतभर खोल. तिनं तांब्या अलगद टेकवला, भरला, फडक्यातून घागरीत ओतला. पुन्हा टेकवला. घागर काठोकाठ भरली नाही, गळ्याच्या खाली चार बोटं राहिली.

"रंग बघ," मी म्हटलं. "पातळ चहासारखा आहे. हे पिता येणार नाही माय."

"तुहा बाबा कुठं पिनार हाय," ती म्हणाली. "थो पाहीन नुसता."

वर आलो तर सात-आठ जणी घागरी घेऊन उभ्या होत्या. आबा त्यांना एकेकीनं सोडत होते, दोघींच्या मध्ये झऱ्याला दम खाऊ द्या म्हणून. मी घागर घेऊन त्यांच्यासमोरून चालले तर काठी आडवी आली.

"माह्या सावडीचं काय?"

"आबा, तुम्ही तर टोपलंसुद्धा उचललं नाही. नुसते बोलत होता."

"हाव न. इतके रोज बोललो. घसा बसला माहा. तू बी ये अन् बोल."

हाताची सावड हातानं, तर तोंडाची तोंडानं. यात मला चूक काढता आली नाही. घागर ठेवली, नैवेद्य दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी भुईमुगाच्या वावरातून परत येताना आबांच्या ओट्यावर गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, बारवेभोवती जाळी कशी लावायची, लग्नांना देवळातली ताटं सक्तीची कशी करायची. बसले. आबांनी विचारलं, झरा किती वर आला. मी सांगितलं. मग त्यांनी सुरुवात केली. कोणत्या गावची विहीर कशी लागली, कुठं दगड निघाला, कुठं पाणी पहारीच्या पहिल्या घावाला उसळलं, माझ्या बाबांनी एकदा भरल्या कावडीनं पैज कशी जिंकली. दिवेलागण झाली. मी उठले.

"आज बी मीच बोललो," आबा म्हणाले. "तुही सावड बाकीच हाय. उद्या येजो."